तीन लेकरांच्या तीन बाटल्या

मास्तरांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची, पण शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. ते शिंपी होते. दुकान पुतण्याच्या हाती सोपवलं होतं, तरी कोटाची काजं मात्र अजून तेच करायचे, घरी खिडकीपाशी बसून.

बायको गेल्यापासून मुलांनी त्यांच्या तब्येतीचा ध्यासच घेतला होता. थोरल्याने परगावाहून ताकदीच्या गोळ्या पाठवल्या. मधल्याने नसांसाठीच्या. धाकटी लेक पलीकडच्याच रस्त्यावर राहायची, तिने हाडांसाठीच्या आणून दिल्या. मास्तर रोज सकाळी तिन्ही बाटल्या उघडायचे. थोरल्याची गोळी गिळताना थोरला आठवायचा, मधल्याची गिळताना मधला. सगळे कसे एकदम घरी आल्यासारखे वाटायचे.

मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. फोनवर सहज बोलून गेले, तर मधला म्हणाला, "नसांचंच आहे ते, बाबा. एकीच्या जागी दोन घ्या."

त्यांनी दोन घेतल्या. मुंग्या पायात उतरल्या. वय झालं, म्हणून मास्तर गप्प बसले.

एका दुपारी लेक डबा घेऊन आली तर मास्तर काज करत होते आणि पांढऱ्या कापडावर लाल ठिपके उमटत होते.

"बाबा! बोटातून रक्त येतंय!"

मास्तरांनी बोटाकडे पाहिलं. सुई चांगली रुतली होती. त्यांना पत्ताच नव्हता. "कुणाचा कोट खराब केला मी," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उतरला की लेकीला रागवणं सुचेना. तिने बोट धुतलं, पट्टी बांधली आणि तो हात बराच वेळ आपल्या हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पायाला कापूस लावून पाहिला, रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, "काय काय घेता?"

लेकीने पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्या पुन्हा वाचल्या. "यातलं एक जीवनसत्त्व दोन बाटल्यांत आहे, आणि एकीत तर भरमसाट. ते फार झालं की नसाच बधिर होतात. या दोन्ही आजच बंद. हाडांची ठेवा, त्यातलं तुम्हाला खरंच कमी पडतंय."

"म्हणजे माझी पास झाली," लेक पुटपुटली, आणि लगेच ओशाळली.

"पण म्हाताऱ्या माणसाला ताकदीचं काहीतरी लागतंच ना?" मास्तरांनी विचारलं.

"ज्याला जे कमी असेल, त्याला ते लागतं. तुम्ही नीट जेवता, चालता. बाकीचं उगाच कशाला?"

"बंद केल्या तर बरं होईल?"

"होईल, हळूहळू. पुरतं होईलच असं मात्र सांगत नाही."

घरी निघताना मास्तर दवाखान्याच्या पायरीवरच बसले. "पोरांना सांगू नकोस. प्रेमाने पाठवल्यात त्यांनी."

"बाबा, तुम्हाला आधीच संशय आला होता?"

"मधल्याची दुप्पट केली आणि पाय जड झाले, तेव्हा आला होता. पण नको कसं म्हणू?"

लेकीचे डोळे भरून आले. तिने तिथूनच मधल्या भावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मीच दोन घ्या म्हणालो गं." आणि लगेच, "मग आता काय पाठवू बाबांना?"

मास्तरांनी फोन हातात घेतला. "काही पाठवू नकोस. तू ये."

पाय हळूहळू हलके झाले. बोटांना वेळ लागला. दोन बोटांची टोकं अजून जरा बधिरच आहेत. बारीक काजं आता पुतण्या करतो आणि मास्तर शेजारी बसून त्याला चुका दाखवतात.

मधला त्या फोननंतरच्या पहिल्याच रविवारी आला होता. दारातच वाकून पाया पडला आणि उठेचना. मास्तरांनी त्याला दंडाला धरून उभं केलं, खांद्यापासून कमरेपर्यंत नजर फिरवली.

"सुटलायस की रे चांगलाच," ते म्हणाले. "चल, जेवायच्या आधी जरा फिरून येऊ."

आणि ते त्याच्या खांद्यावर हात टाकून निघाले.