पहिली खुर्ची

१९९८ साली आमच्या घरात पोलादाचा फेस आला. आमचे हे ज्या कारखान्यात भट्टी सांभाळत, तिथे पोलादाच्या भुकटीत एक पूड मिसळून ती पातळ नळ्यांत भरत आणि तापवत. भुकटी आतल्या आत फुगायची, पावासारखी जाळीदार व्हायची. नळी हलकीच राहायची, पण सहजासहजी वाकायची नाही.

यांची धाकटी बहीण आमच्याकडेच असायची. पाय लहानपणीच गेलेले, आता छातीही साथ देईना. दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची हजेरी घ्यायची, म्हणून सगळे तिला फौजदार म्हणत. तिला एकच हवं होतं. गल्ली जिथे वळते तिथवर जायचं आणि पलीकडे काय आहे ते स्वतः बघायचं. मी कितीदा वर्णन करून सांगितलं, तर म्हणायची, वहिनी, तुझ्या सांगण्यात मीठ नाही.

चाकांची खुर्ची मिळत होती, पण ती जड. अरुंद जिन्यांवरून मी एकटी ती कशी उतरवणार? एक हलकी आणली, तर ती पहिल्याच जिन्यात वाकली. तेव्हा यांनी मनावर घेतलं. पातळ नळ्यांची खुर्ची करायची, आत पोलादाचा फेस. कारखान्यातल्या मिस्त्रींनी ती उरल्यासुरल्या भुकटीतून करू दिली.

खुर्ची झाली. ती बघायला मी कारखान्यात गेले आणि एका हाताने उचलली. पण तिथली एक रीत होती. नव्या घाटाची पहिली वस्तू कापायचीच. फेस सगळीकडे सारखा फुलला की मध्येच पोकळी राहिली, हे बाहेरून ठोकून कळत नाही. पहिली कापायची; ती चांगली निघाली तर दुसरी तशीच करायची आणि ती वापरायची. मिस्त्री म्हणाले, घरचं काम आहे, या वेळी राहू दे. हे घरी येऊन ताटासमोर नुसते बसून राहिले. फौजदाराने काय ते काढून घेतलंच.

"काप, दादा," ती म्हणाली. "भर गल्लीत आपटले तर माझी फौजदारी गेली."

"भट्टी पुन्हा पेटेपर्यंत थांबावं लागेल गं."

"मी कुठे पळून चाललेय?"

यावर आम्ही तिघंही हसलो.

खुर्ची कापली. आत कुठेही पोकळी नव्हती. हे एक तुकडा घरी घेऊन आले. फौजदाराने त्याच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, छान भाजलाय.

कारखान्यात नवं काम येईना, भट्टी थंडच राहिली. ती पेटायच्या आधीच एका दुपारी फौजदार खिडकीत बसल्या जागी गेली. जिना उतरवताना खांदेकऱ्यांतला एक जण हळूच म्हणाला, वजनच नाही हो. गल्लीच्या वळणावरून तिला तशीच नेली.

दुसरी खुर्ची यांनी तरीही केली.

पुढे कारखाना बंद पडला. मिस्त्री मुलाकडे राहायला गेले. जाताना भेटायला आले, पण खुर्चीकडे पाठ करून बसले. हे त्यानंतर बरीच वर्षं जगले. कुणी काही नवीन दाखवलं की आधी ते ठोकून बघायचे आणि मग हात मागे घ्यायचे. तो कापलेला तुकडा अजून खिडकीत आहे.

खुर्चीत आता मी बसते. शेजारची सून मला उतरवते. वळणापलीकडे एक पंक्चरवाला आहे, एक लांब भिंत आहे आणि भिंतीवर नेहमी कुणाचं तरी मांजर बसलेलं असतं. हे मांजर मी फौजदाराला कधी सांगितलंच नव्हतं.