वच्छलाच्या छपरावरची पंगत

इस्तारीने जन्मभर गावाच्या छपरांवरची कवेलू फेरली, फुटकी कौलं काढून नवी बसवली. वैशाख लागला की धानोऱ्याकडची माणसं त्यालाच बोलवायची, कारण त्याच्या पायाखाली कवेलू फुटत नसे. चौऱ्याऐंशी साली त्याने स्वतःच्या घराची जुनी नळीची कवेलू उतरवून इंग्रजी कवेलू चढवली आणि त्यांच्याखालचा बांबूचा तट्टा मोडून चुलीत घातला.

"तट्टा काऊन जाळला?" वच्छलाने नवऱ्याला विचारलं.

"इंग्रजी कवेलूले तट्टा लागत नाई. एकात एक बसते ते. थेंब जरी आत आला तं मिशी काढून टाकीन."

वच्छलाला मिशीची काळजी नव्हती. कोपऱ्यातल्या ढोलीत, बांबूच्या त्या कणगीत, वर्षाचं बियाणं होतं. ते धान भिजलं तर तिथेच अंकुरणार, मग बांधीत पेरायचं काय? आणि वानरं रोज छपरावरून पळत, कवेलू सरकवत.

"वानरं नाचते ना जी वरून."

"सांग त्याइले, हळू चाला म्हणून."

भद्रावतीला नोकरीत असलेल्या दिराने, घनश्यामने, पोरीच्या लग्नासाठी वहिनीला पळसाच्या पत्रावळी लावायला सांगितल्या होत्या. गठ्ठे तयार होते. इस्तारी बाजाराला गेला तशी वच्छला शिडीवर चढली. आतूनच एकेक कवेलू जरासं उचलायचं, खाली पत्रावळ सरकवायची. मासोळीच्या खवल्यांसारखी, एकीवर एक. ढोलीवरचा भाग झाकेपर्यंत दोन गठ्ठे संपले. इस्तारीने काही वर पाहिलं नाही. आपल्याच हातच्या कामाकडे काय पाहायचं?

चार दिवसांनी घनश्याम पत्रावळी न्यायला आला. दोघे भाऊ जेवायला बसले आणि भरदुपारी अंधारून वादळी पाऊस सुरू झाला. इस्तारीच्या वरणात टपकन थेंब पडला.

"नवं कवेलू घामेजते सुरुवातीले," तो म्हणाला.

मग घनश्यामच्या टकलावर घाम पडला. दोघे ताटं उचलून ढोलीजवळ सरकले. तिथे कोरडं होतं.

"पाय, इथी थेंब नाई. हे बाजू मी सोता बसवली."

"मंग ते बाजू कोणं बसवली, दादा?"

घनश्यामने बॅटरी वर धरली आणि पाहतच राहिला.

"वयनी, माह्या पत्रावळीची पंगत वरच बसवली का?"

वच्छलाने ढोलीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर धान काढलं. कोरडं खडखडीत होतं.

इस्तारीने मान वर करून पत्रावळी पाहिल्या. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "वस्तरा कुठी हाय?"

"राहू द्या मिशी. लग्नात पावणे वळखतीन कसे? त्यापेक्षा भावजीचे दोन गठ्ठे भरून द्या."

दुसऱ्या दिवशी इस्तारी ओसरीवर पळसाची पानं घेऊन काड्या टोचत बसला. घनश्यामचे गठ्ठे भरून झाले तरी उठेना. उरलेलं अर्धं छप्पर होतं ना. येणारेजाणारे थांबून विचारत, तेव्हा तो मान वर न करता सांगे,

"इंग्रजी कवेलूले खाली पत्रावळच लागते. तट्टा चालत नाई."