सामायिक संपेपर्यंत

सूरजबाईंना परदेशी पाठवायचं हे खूळ चेलनाच्या डोक्यातलं, असं भिकमचंद दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. खूळ तसं साधंच होतं. धुळ्याच्या पितांबर नावाच्या माणसाची व्हिएतनामची सहल होती, सहा दिवसांची, बत्तीस माणसांची. लग्नसराईत कापडाचं दुकान सोडून भिकमचंदांना जाता येत नव्हतं, आणि नवरा नाही म्हणून बायकोनेही जायचं नाही, हे सुनेला पटत नव्हतं. सासूबाईंनी अडुसष्ट वर्षांत जळगावाबाहेर पाहिलं ते माहेरचं गाव, तीर्थं आणि नातेवाइकांची लग्नं. चेलना अडून बसली. तिचा नवरा अनुज नेहमीप्रमाणे दोघांच्याही बाजूने बोलला, म्हणजे कोणाच्याच नाही. शेवटी भिकमचंद म्हणाले, "पाठव. पण काही झालं तर जबाबदारी तुझी."

मग महिनाभर चेलनाने सासूबाईंच्या फोनची शाळा घेतली. एक भाषांतराचं अ‍ॅप घातलं, त्यात 'कांदा, लसूण, बटाटा, अंडं काही नको' हे वाक्य आधीच साठवून ठेवलं. एक नकाशाचं, जे नेट नसलं तरी चालेल. एक टॅक्सी बोलावायचं, आणि एक सूर्यास्ताची वेळ सांगणारं, कारण सूरजबाई दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत. सूरजबाईंना असली नावं कुठली लक्षात राहणार. त्यांनी आपली नावं पाडली: बोलकं, रस्तेवालं, गाडीवालं आणि सूर्याचं. गाडीवाल्यात चेलनाने मुक्कामाच्या हॉटेलचा पत्ता साठवून त्यावर घराचं चित्र लावलं. "हरवलात तर एवढंच करायचं मम्मीजी, घर दाबायचं. गाडी येईल, बसायचं, हॉटेलवर उतरायचं." शिवाय त्या कुठे आहेत ते सतत दाखवणारा निळा ठिपका चेलनाच्या फोनवर होताच.

पाच दिवस सगळं इतकं सुरळीत झालं की भिकमचंदांची जरा निराशाच झाली. सहाव्या दिवशी, परतीच्या दिवशी, अनुज मालाच्या खरेदीसाठी शिरपूरला गेलेला होता. दुकानात सासरा आणि सून दोघंच होती. भर दुपार, गिऱ्हाईक नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी सूरजबाईंचा फोन आला.

"चेलना, मी बाजारात मागे राहिले गं. एक बाई कमळाच्या बियांच्या माळा विकत होती, ते बघत बसले, आणि आपली माणसं पुढे गेली. पण तू घाबरू नको. मी घर दाबलंय. तीन मिनिटांत गाडी येते म्हणतंय ते गाडीवालं."

आवाजात भीती नव्हतीच. उलट परीक्षेला बसलेल्या पोरीचा उत्साह होता. भिकमचंदांनी मात्र गल्ल्यावरूनच कपाळाला हात लावला. "झालं. मी सांगत होतो." चेलनाने तिकडे लक्ष दिलं नाही. निळा ठिपका हलू लागला तेव्हा तिला सासूबाईंचा इतका अभिमान वाटला की समोर गिऱ्हाईक असतं तर तिने त्यालाही फोन दाखवला असता.

तीन वाजायला पाच मिनिटं असताना ठिपका थांबला आणि आवाजातला निरोप आला. "पोचले. आपली मंडळी अजून आली नाहीत. निघायला वेळ आहे, तर सामायिक करून घेते. आज राहिलंय माझं."

सामायिक म्हणजे जैनांची अठ्ठेचाळीस मिनिटांची साधना. नेहमी पिशवीत असणारं आसन घालायचं, तोंडाला मुहपत्ती, म्हणजे कापडी पट्टी, बांधायची आणि संसार बाजूला ठेवून बसायचं. त्या वेळात फोनला हात लावायचा नाही, विजेच्या कुठल्याच वस्तूला नाही. ऊठबस नाही, घरादाराचं बोलणं नाही. अकरा वर्षं सूरजबाईंचं रोजचं एक सामायिक चुकलेलं नव्हतं. अनुजला बघायला चेलनाच्या माहेरची माणसं आली होती, तेव्हाही सासूबाई सामायिकात होत्या आणि पाहुणे वीस मिनिटं चहाकडे बघत बसले होते.

चेलना निश्चिंत होऊन साड्यांच्या घड्या घालायला लागली. तीन वाजून दोन मिनिटांनी पितांबरचा फोन आला.

"ताई, तुमन्या सासूबाई कोठे शेतस? बठ्ठा लोके हाटेलवर ई गयात, त्याच नही शेतस."

"अहो पितांबरभाऊ, त्या हॉटेलवरच आहेत. खाली बघा, सोफ्याजवळ बसल्या असतील."

"मी खालेच उभा शे ताई. आठे कोणी नही."

चेलनाने नकाशा उघडला, दोन बोटांनी मोठा केला. ठिपका हॉटेलवरच होता. नाव तेच, पाटी तीच. पण हे हॉटेल नदीच्या पलीकडे होतं. एकाच मालकाची, एकाच नावाची, आतून-बाहेरून सारखीच दोन हॉटेलं, आणि पत्ता साठवताना वर जे पहिलं आलं ते तिने डोळे झाकून दाबलं होतं. सूरजबाईंनी शिकवलं तसंच सगळं केलं होतं. चूक शिकवणारीची होती.

परतीची बस तीन तीसला सुटणार होती. हे आपल्या घड्याळाचं, तिकडे तेव्हा पाच वाजणार होते. विमान रात्रीचं, पासपोर्ट पितांबरकडे, सामान पितांबरकडे. आणि सासूबाई तीन पंचेचाळीसपर्यंत डोळे उघडणार नव्हत्या.

या घडीला चेलनाने जे केलं ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पितांबरला म्हणाली, "येतील दहा मिनिटांत. वाटेत आहेत." आणि फोन ठेवून दिला.

"काय झालं?" भिकमचंदांनी विचारलं.

"काही नाही पप्पाजी."

तिने सासूबाईंना फोन लावला. एकदा, दोनदा, सहा वेळा. नकाशात त्या हॉटेलचा नंबर होता, तिथे लावला. पलीकडे एक तरुण आवाज आला, तिला न कळणाऱ्या भाषेत. तिने दुकानाचा दुसरा फोन काढला, त्यात भाषांतराचं अ‍ॅप उघडलं आणि दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून धरले. मराठीत सांगायचं, मग त्यातून एक कोरडा बाईचा आवाज व्हिएतनामीत बोलायचा, मग पलीकडचं उत्तर, मग पुन्हा तो कोरडा आवाज. एकेका वाक्याला अर्धं मिनिट जात होतं.

"साडी नेसलेली म्हातारी बाई तिथे बसली आहे का?"

"आहे. जमिनीवर. कोपऱ्यात."

"तिला सांगा, हे तुमचं हॉटेल नाही. ताबडतोब टॅक्सी करा."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चेलनाने दोन्ही फोन तसेच धरून ठेवले. बऱ्याच वेळाने तो पोरगा परत आला. "ती बोलत नाही. डोळे मिटलेले आहेत. तोंडावर कपडा बांधला आहे. आजारी आहे का? मी रुग्णवाहिका बोलावतो."

"नको, नको," चेलना मराठीतच ओरडली, आणि मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून अ‍ॅपला सांगितलं, "ती आजारी नाही. ती प्रार्थना करते आहे. तिला हात लावू नका."

भिकमचंद केव्हा उठून मागे येऊन उभे राहिले ते तिला कळलं नाही. सगळं त्यांनी ऐकलं होतं. पाटीवर खडूने लिहावं तसं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं की आता घर डोक्यावर घेतलं जाणार. भिंतीवरचं घड्याळ तीन अठराला आलं होतं.

"पप्पाजी, पत्ता मी चुकीचा टाकला," चेलना म्हणाली. "मम्मीजींची काही चूक नाही. त्या दुसऱ्याच हॉटेलात बसल्यात, आणि बस तीन तीसला सुटतेय. त्यांना कोणाकडून तरी हलवून उठवायला सांगू का? तुमचं नाव घेतलं तर उठतील."

भिकमचंदांनी मान हलवली. "नाही उठायची," ते म्हणाले. "आणि उठवलीस तर तिकडून बसपर्यंत यायला किती वेळ?"

"अर्धा तास. बसकडे येणाऱ्या रस्त्याला गर्दी आहे."

"मग उठवून तरी काय होणार?" त्यांनी चष्मा लावला. ज्या नकाशाला महिनाभर ते 'पोरखेळ' म्हणत होते, त्यावर पहिल्यांदा वाकून बघितलं. "बस कुठे आहे?" तिने दाखवलं. "आणि विमानतळ?"

चेलनाने बोट वर सरकवलं. नदी ओलांडली, सासूबाईंचा ठिपका ओलांडला, आणखी वर गेली. विमानतळ तिथे होता.

"अगं, ही तर वाटेवर बसलीय," भिकमचंद म्हणाले. चाळीस वर्षं ट्रकने माल मागवणारा माणूस होता तो. "गाठोडं वाटेवर पडलं असेल तर ते मागे गोदामात आणतं का कोणी? गाडीच तिकडून काढायची. लाव त्या धुळेवाल्याला."

तीन बावीसला पितांबरने फोन उचलला आणि बोलूच दिलं नाही. "ताई, दहा मिनिटे म्हणे तुम्ही. वीस व्हई गयात. मी पयलेच सांगेल शे, जो मांगे राही त्यानं तो पाही ली. मना एकतीस लोके शेतस."

"पितांबरभाऊ, मी खोटं बोलले," चेलना म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर मग ती थांबली नाही. पत्ता आपण कसा चुकवला, सासूबाई कुठे आहेत, तीन पंचेचाळीसपर्यंत का उठणार नाहीत, सगळं सांगितलं. "नेहमीच्या पुलाऐवजी दुसऱ्या पुलावरून गेलात तर हॉटेल रस्त्यातच आहे. नकाशा पंधरा-वीस मिनिटं जास्त दाखवतोय. दोष त्यांच्यावर टाकू नका. माझ्यावर टाका, माझ्या नावाने काय बोलायचं ते बोला."

पलीकडे गाडीतला गलका ऐकू येत होता. कोणीतरी विचारत होतं, सूरजबाई आल्या का. दुसरं कोणी म्हणत होतं, विमान चुकलं तर भरपाई कोण देणार. पितांबरने आधी त्यांना गप्प केलं. मग म्हणाला, "सहा दिवस बठ्ठी गाडी त्यासना खाकरा खाई राहिनी. त्यासले सोडीसन कसा जासू? लई येस मी."

"आणि भाऊ, त्यांना आत्ता काही सांगू नका. मी सांगेन."

आता दोन ठिपके होते. पितांबरनेही आपला ठावठिकाणा पाठवला होता. सासूबाईंचा ठिपका स्थिर, बसचा ठिपका मुंगीच्या चालीने. पुलावर तो थांबला तो हलेच ना. तीन तेहतीस झाले, छत्तीस झाले. एक गिऱ्हाईक आलं, सुटिंगचं कापड मागू लागलं, आणि भिकमचंदांनी हयातीत पहिल्यांदा गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणून वाटेला लावलं. सून आणि सासरा गादीवर शेजारी शेजारी बसले होते, मधे फोन. एरवी ती त्यांच्यासमोर अशी बसली नसती. तीन अडतीसला ठिपका सुटला.

त्या पोराला चेलनाने पुन्हा फोन केला. बस येते आहे, तोवर तिला बसू द्या, असं कोरड्या आवाजाकरवी कळवलं. तो म्हणाला, मी टीव्ही बंद केला आहे, आणि तिच्याजवळ पाणी ठेवलं आहे, पण ती पीत नाही. पीत नाही हे खरं, चेलनाने कळवलं, पण तुमचे फार उपकार झाले.

तीन त्रेचाळीसला बसचा ठिपका सासूबाईंच्या ठिपक्याला जाऊन भिडला. पितांबरचा आवाजातला निरोप आला: गाडी दारमा शे, त्या आजून बठेल शेतस. मागे ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. एक मिनिट गेलं. एकतीस माणसं गाडीत, दोन माणसं जळगावात, सगळी एका म्हातारीच्या डोळे उघडण्याची वाट बघत होती. दुसरं मिनिटही गेलं. भिकमचंदांचे ओठ हलत होते. चेलनाने हातातला साडीचा पदर पिळून पिळून त्याची वात केली होती.

फोन वाजला. सूरजबाई.

"चेलना, झालं गं माझं. बघ, अख्ख्या सहलीत सगळ्यांच्या आधी मी पोचले. ही मंडळी आत्ता उगवतायत, माझं सामायिक आटोपल्यावर. आणि मला म्हणे हरवशील. सांग तुझ्या पप्पाजींना."

त्या आवाजातलं समाधान ऐकून चेलनाला कसंसंच झालं. सांगायला तर हवंच होतं. "मम्मीजी, ते हॉटेल..." ती म्हणाली, तोच भिकमचंदांनी हात पुढे केला. तिने फोन दिला. आता ते काय बोलणार या भीतीने तिने मान खाली घातली. दुकानात कापडाचा रंग जाणार असेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगून टाकणारा माणूस तो.

"हो," भिकमचंद म्हणाले. "सगळ्यांच्या आधी पोचलीस तू. आता गाडीत बस, लोक थांबलेत. आणि दिवस मावळायच्या आत काहीतरी खाऊन घे."

त्यांनी फोन बंद करून तिच्या हातात दिला.

"आत्ता कळलं असतं तर विमानभर थरथरत बसली असती," ते म्हणाले. "घरी आली की सांग. सांगायचं मात्र, लपवायचं नाही." मग गल्ल्याकडे जाता जाता ते थांबले. "आणि पुढच्या वेळी पत्ता टाकशील तेव्हा मला दाखव. दोघांनी बघून टाकू."

पुढच्या वेळी. चेलनाने ते ऐकलं, 'बरं' म्हणाली, आणि पाऊण तास आवरून धरलेलं रडू तिला साड्यांच्या ढिगात तोंड खुपसून आलं.