फळीच्या पोटातला आवाज

ताईनं गाडी बाहेर काढली आणि रिकाम्या गॅरेजात भिंतीशी फळ्या उभ्या केल्या, वर्गात शिक्षा झालेल्या पोरींसारख्या.

दारं-खिडक्या घडवण्यात तिचा उभा जन्म गेलेला. आता जिना करायचा होता, तोही धाकट्या भावासाठी. गॅरेजच्या माळ्यावर त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल होतं. मागे जुनी पायरी त्याच्या पायाखाली मोडली. मांडीचं हाड मोडलं, ते जुळलंही; पण जिन्याकडे फिरवलेली पाठ काही वळेना. वर घड्याळं बंद, खाली हा खुर्चीत बंद.

"ती घे की," तो खुर्चीतूनच म्हणाला. "रंग बघ, मधासारखा."

"टिक्या, पायरीला रंग नाही, कणा लागतो. ही गाठ बघ, नेमकी काठाला आलीय. पाऊल पडेल तिथंच फुटेल. बाद."

"आणि ती?"

"पीळ पडलाय, तुझ्यासारखा. बाद."

शेवटी तिनं एक जाड, सरळ रेषांची फळी काढली. दोन विटांवर आडवी टाकली आणि स्वतः मधोमध उभी राहिली. फळीनं हूं की चूं केलं नाही.

"लाकडानं मला कधी फसवलंय, सांग."

"मला फसवलंय ना."

ताई फळीवरून खाली उतरली. "मग तूच विचार तिला."

तो वाकला. मनगटी घड्याळ कानाशी धरावं तसा त्यानं फळीच्या टोकाला कान लावला. "पलीकडून नखानं खरवड."

तिनं खरवडलं.

"मध्ये अडतोय आवाज."

"काहीतरीच तुझं." तरी तिनं रंधा फिरवला. पहिला पापुद्रा निघाला, दुसरा निघाला आणि खाली केसाएवढी आडवी भेग उघडी पडली.

ताई हसत सुटली, अंगावरचा भुसा उडेस्तोवर. "हरले बाबा. आता मी बघते, तू ऐक. दोघांना पटेल तीच पायरी."

मग एकीचे डोळे, एकाचे कान, असं ते काम चाललं. फळ्या बाद होत गेल्या, पसंत होत गेल्या. खुर्ची कधीचीच मागे राहिली होती.

दुपार कलता कलता शेवटची पायरी बसली. ताईनं त्याला हात दिला नाही. ती उगाच अवजारं पुसत बसली. त्यानं पहिल्या पायरीवर बोटानं टकटक केलं, कठडा धरला आणि पाऊल टाकलं. मग दुसरं. पायऱ्या गप्प होत्या.

थोड्या वेळानं माळ्यावर एक घड्याळ बोलू लागलं, मग त्याच्या शेजारचं.

"जेवायला हाक मारली तर ऐकू येईल ना रे?" ताईनं खालून विचारलं.

"तेवढं सोडून सगळं ऐकू येईल," टिकटिकीतून वरून उत्तर आलं.