बिनदोऱ्याची टीप

सळई दाणकन फरशीवर आपटली आणि स्टुलावर उभी असलेली मास्तरीणबाई पडता पडता वाचली.

“अहो मास्तर!” खिडकीची चौकट घट्ट धरून तिने आतल्या खोलीकडे हाक मारली. “एवढ्या वर्षांची कारागिरी आणि घरच्या पडद्याचा नेफा पहिल्याच दिवशी उसवला! गिऱ्हाईक असतं तर तोंडावर फेकून गेलं असतं.”

“माझी टीप उसवत नसते,” आतून आवाज आला. “तूच सळई बाहेरून घातली असशील.”

मास्तर म्हणजे तिचा नवरा. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. कापडाचे थरावर थर रचायचे आणि पात्याच्या मशीनने एका दमात त्यातून गळे नि बाह्या कापून काढायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्यामुळे गल्लीने तिलाही मास्तरीणबाई करून टाकलं होतं. नव्या भाडेकरूंना ती शाळेत शिकवते असंच वाटायचं आणि तीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे.

पडद्याचं खूळ मास्तरांचंच. दुपारचं ऊन डोळ्यांत खुपतं, अशी त्यांची कुरकुर कधीची चालली होती. दोरी ओढली की घड्या घालत वर जाणारे तयार पडदे दुकानात होते. आणू या, असं ती म्हणाली मात्र, मास्तरांचं डोकंच फिरलं. “चार सरळ टिपा मारायच्या, त्यासाठी मी दुकानात जाऊ? लोक तोंडात शेण घालतील!” शेवटी जाड कापड आलं आणि पडदा ताठ राहावा म्हणून खालच्या नेफ्यात घालायला सळई आली. आज सुटीच्या सकाळी तिने मशीनमध्ये दोरा ओवून दिला आणि ती बाजारात गेली. परत येते तो पडदा शिवून, कडक इस्त्री करून, घडी घालून तयार.

दोरा ओवायचं काम तिचं. वर्षभरापूर्वी मास्तर एकदा म्हणाले होते, “तू ओव. तुझ्या हातचा दोरा तुटत नाही बघ.” लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने कौतुकाचं एक वाक्य बोलावं, म्हणजे कपिलाषष्ठीचा योगच. तेव्हापासून मशीनवर बसण्याआधी मास्तर हाक मारत आणि ती हातातलं काम टाकून जात असे, थोडी मिरवतच.

तिने उघडा पडलेला नेफा हातात घेतला आणि उसवलेला दोरा शोधू लागली. दोरा नव्हता. लोंबता नाही, तुटका नाही, काहीच नाही. तिने कापड खिडकीसमोर धरलं. उन्हात बारीक बारीक भोकं चमकली. एकापुढे एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुईने पाडलेली. इस्त्रीच्या जोरावर दुमड तेवढा वेळ तग धरून होती. सळईचं वजन पडताच सुटली.

ती उतरून मशीनपाशी गेली. रीळ सकाळी लावलं तसंच गच्च भरलेलं होतं आणि दोऱ्याचं टोक सुईच्या वर मोकळं लोंबत होतं. तिने टोक आखूड ठेवलं असणार, पहिल्याच टाक्याला निसटलं. असं कुणाचंही होतं. पण शिवणाऱ्याला ते वीतभर जायच्या आत दिसतं आणि तो मशीन थांबवतो. मास्तर थांबलेच नव्हते. तिने पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा उलटून पाहिल्या. तिथेही नुसती भोकं.

तेवढ्यात मास्तर बाहेर आले. वर ठोकलेला आणि खाली नेफा उघडा पडलेला पडदा त्यांच्या समोरच होता.

“आता कशी शोभा आली!” ते म्हणाले. “टीप बघ. आहे का कुठे वाकडी?”

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुम्हाला दिसते टीप?”

“न दिसायला काय झालं?”

तिने त्यांचा हात धरला. अंगठ्याला पट्टी होती. गेल्या आठवड्यात कात्री लागली म्हणाले होते. त्यांचं बोट तिने कडेवर टेकवलं आणि पुढे सरकवलं. बोट थोडं गेलं आणि थबकलं. मागे आलं, परत पुढे गेलं.

“दोरा कुठाय?”

“नाहीच आहे.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे.”

मास्तर खुर्चीत बसले. “मधलं दिसत नाही. जे बघायला जावं तेच नेमकं गायब. कडेकडेचं दिसतं. वर्ष होत आलं.”

“वर्ष!” ती किंचाळली. “आणि रोज त्या पात्यासमोर उभे राहता?”

“हाताला सवय आहे गं.”

“हा अंगठा मग कुणाचा? हाताचाच ना?”

तिला एकेक आठवू लागलं.

“म्हणजे माझ्या हातचा दोरा तुटत नाही म्हणालात, ते…”

मास्तरांनी मान खाली घातली. थोबाडीत बसली असती तर तिला इतकं लागलं नसतं.

“आणि मी वेडी मिरवत होते! हल्ली बोलताना भिंतीकडे बघता, तेही म्हणूनच का? मला वाटायचं, बायकोचं तोंड बघायचा कंटाळा आला.”

“सरळ बघितलं की तुझं तोंड जातं,” मास्तर भिंतीकडे वळून म्हणाले. “नुसते खांदे राहतात. भिंतीकडे बघितलं की कडेने तू दिसतेस. म्हणून बघतो.”

पदराने डोळे पुसून ती म्हणाली, “उद्या कारखाना नाही. उद्या डोळ्यांचा डॉक्टर.”

“तो काम सोडा म्हणेल. मग मी कोण?”

तिने पडदा खाली काढला, मशीनवर बसली आणि सुईत दोरा ओवला.

“टोक लांब ठेव,” मास्तर म्हणाले. खुर्ची ओढून ते तिच्या शेजारी बसले, तोंड भिंतीकडे करून. भोकांच्या ओळीवर सुई ठेवून ती हळूहळू शिवू लागली. या खेपेला रीळ फिरत होतं.

“सरळ आहे का गं?”

तिने मशीन थांबवून वाकून पाहिलं. मास्तरांची ओळ केसभरही हलली नव्हती.

“तुमच्याच ओळीवरून चाललेय,” ती म्हणाली. “वाकडी जाईलच कशी?”

नेफा संपला. दोरा कापायला ती आपली छोटी कात्री शोधू लागली, तसे मास्तर उठले. उद्या कारखान्यात न्यायची पिशवी दाराला टांगलेली होती. चाचपून त्यांनी तिच्यातून मऊ कापडात गुंडाळलेली मोठी कात्री काढली. त्या कात्रीला घरात कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. बायकोने एकदा त्या कात्रीने कागद कापला, तर मास्तर जेवले नव्हते.

मूठ तिच्याकडे करून त्यांनी कात्री पुढे धरली. “घे.”

तिने दोरा कापला आणि कात्री परत द्यायला हात लांबवला. मास्तरांनी ती घेतली नाही.

“राहू दे तुझ्याकडे,” ते भिंतीकडे बघत म्हणाले.