खोडलेला शब्द

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून मुद्रितशोधक मामाला एक खोड जडली होती. ज्याच्यावाचून वाक्याचं अडत नाही असा शब्द दिसला की त्याचा हात शिवशिवायचा.

शब्दकोशाच्या फायली हलवायला भाचीने त्याला छोटासा प्रोग्राम लिहून दिला आणि चिठ्ठीवर आज्ञा उतरवली: उतरव दुरुस्त जुनी --खरंच

"आधी कुठून उचलायचं ते, मग कुठे ठेवायचं ते. ही दोन फोल्डरांची नावं लागतातच, आणि याच क्रमाने. शेवटचं ऐच्छिक."

"ऐच्छिक म्हणजे बिनकामाचं." मामाने लाल पेनाने तो शब्द खोडलासुद्धा.

"अरे मामा, तो कशासाठी आहे ते तरी ऐक."

"प्रत्येक लेखक हेच म्हणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एकटाच संगणकासमोर बसला. चिठ्ठी खिशातच राहिली. तीन शब्दांसाठी चिठ्ठी कोण काढतो? त्याच्या टेबलावर जन्मभर जुनी प्रत डाव्या हाताला आणि दुरुस्त प्रत उजव्या हाताला. बोटांनी तोच शिरस्ता पाळला: उतरव जुनी दुरुस्त

पडद्यावर ओळ उमटली: 'जुनी'मधल्या ४१२ फायली 'दुरुस्त'वर लिहिल्या जातील.

दोन महिन्यांच्या दुरुस्त्या, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. त्याने भाचीला फोन लावला.

"गेलं सगळं. नावं उलटी घातली मी."

"शेवटी काय लिहिलंय?"

"जातील म्हणे. गेल्याच असतील."

"मामा, शेवटची ओळ वाच. लोकांना ओरडतोस ना, शेवटपर्यंत वाचा म्हणून?"

मामाने चष्मा सारखा केला. सगळ्यात खाली होतं: ही फक्त तालीम. काहीही बदललेलं नाही. खरोखर करायचं असल्यास --खरंच जोडा.

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की फोनवर तिलाही ऐकू गेला.

"म्हणजे मी खोडला म्हणून वाचलो."

"खोडलास म्हणून वाचलास. नावं मात्र माझ्या चिठ्ठीत सरळ होती."

"ते तेवढं सांगू नकोस कुणाला."

"मामी इथेच आलीय. तिला आधीच ऐकू गेलंय, स्पीकरवर आहेस."

पलीकडून मामीचं हसू आलं. मामाने खिशातून चिठ्ठी काढली, दोन्ही नावं क्रमाने पुन्हा टंकली, तालीम बघितली. या वेळी 'दुरुस्त'मधल्या फायली 'जुनी'वर लिहिल्या जाणार होत्या. मग पेन उचललं आणि खोडलेल्या शब्दाखाली एकेक करून ठिपके दिले. छापखान्यात त्याचा अर्थ एकच: खोडलं ते चुकलं, राहू द्या.