अमर मांजर

"ही फाइल काढता आली नाही."

भिंतीभर पसरलेल्या पडद्यावर ही ओळ उमटली आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या काय, हुंदके काय! माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने आपल्या पेंगणाऱ्या सासूला गदागदा हलवलं. "आई, उठा, उठा! नाही गेली! सगळं गेलं पण ती नाही गेली!" सासूबाई दचकून उठल्या आणि काय झालं हे न कळताच त्यांनी हात जोडले. हे बघून माझे हात शिवशिवले, पण मी ते मांडीवर दाबून धरले. त्या रविवारची ही नुसती पहिली परीक्षा होती. माझी पाळी नंतर होती.

फर्निचरच्या दुकानाच्या वरचा मजला. जिन्यातून पॉलिशचा वास वर येत होता. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, पडदा भाड्याचा आणि व्यासपीठावर, खालच्याच दुकानातून आणलेल्या फिरत्या ऑफिसच्या खुर्चीत, बुवा. पांढरा झब्बा, कानाला माइक. लोक त्यांना महाराज म्हणत. मी बुवा म्हणते, आणि तेवढंही जास्तच आहे.

पडद्यावर बुवांचाच चेहरा. नीट पाहिलं तरच कळायचं की तो फोटो नाही, व्हिडिओ आहे. मधूनच पापणी लवायची. चेहऱ्याभोवती आजारी माणसांचे फोटो गोल गोल फिरत राहायचे. या व्हिडिओला ते 'अमरपट' म्हणत.

"मृत्यू म्हणजे काय हो?" बुवा खुर्ची अर्धी फिरवून विचारायचे. "विश्वाचा सफाई प्रोग्रॅम! ज्याची गरज संपली, उचल आणि टाक. डॉक्टर काय करतो? व्हायरस शोधत बसतो बिचारा. मी? मी डिलीटचं बटणच काढून घेतो! ज्याचा चेहरा माझ्या पटात आला, त्याला पुसणारा अजून जन्माला यायचाय. गोळ्या खाऊन तुम्ही मृत्यूला आठवण करून देता, की बाबा रे, मी इथेच आहे!"

लोक हसायचे. आणि घरी जाऊन गोळ्या बंद करायचे.

चमत्काराची रीत अशी. कुणीही आपला कॉम्प्युटर आणावा. बुवांचा सूटबूटवाला चेला पेनड्राइव्हवरून अमरपट त्यात उतरवणार, मोठ्या पडद्यावर सुरू करणार. मग सर्वांनी मान झुकवायची. आणि मग फायली साफ करणारा जो हवा तो प्रोग्रॅम, ज्याने त्याने आपला आणलेला, त्या फोल्डरवर चालवायचा. बाकीचा कचरा जायचा, अमरपट राहायचा. दुसऱ्याचा कॉम्प्युटर, दुसऱ्याचा प्रोग्रॅम, मग फसवणार कोण? भलेभले शिकलेले इथेच गार व्हायचे. नियम एकच. "आधी दर्शन, मग परीक्षा. आणि दर्शन चालू असताना चेहरा बंद करायचा नाही. चेहरा बंद करणं म्हणजे आतल्या जिवांचे डोळे मिटणं."

हा नियम ऐकला त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. 'ताई, ही फाइल जातच नाही' असं रडगाणं घेऊन माझ्याकडे रोज कुणीतरी येतं. शाळेत मी फार टिकले नाही, पण एवढं समजायला शाळा लागत नाही.

कळलं तरी मी तिथे का गेले, ते सांगते. माझी भाची, ताईची चिमणी, माझ्या शेजारी बसली होती. वरच्या ओठाला टाके, पुढचा दात अर्धा तुटलेला. चिमणीला फिट येते. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ती इतकी आटोक्यात होती की घरात कुणाला त्या आजाराचं नावही आठवत नव्हतं. मग भावोजींनी तिचा फोटो अमरपटात घातला आणि गोळ्यांची बाटली बुवांच्या पायाशी ठेवून आले. या गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात, हे डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा कुठे भिंतीभर पडद्यावर झळकत होता!

पोरगी बाथरूममध्ये पडली. बादलीच्या कडेवर तोंड आपटलं. ताईने रक्ताने भरलेला टॉवेल हातात धरून मला फोन केला. भावोजी काय म्हणाले माहीत आहे? "बघ, वाचली ना? पटात होती म्हणून वाचली."

त्या दिवशी मी ठरवलं. या माणसाला नुसतं हरवायचं नाही. ज्या पडद्यावर तो देव झाला, त्याच पडद्यावर त्याला लोळवायचा.

आदल्या रविवारी मी सरळ मार्गाने गेले होते. उभी राहून म्हणाले, "चेहरा बंद करून दाखवा." मला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं, बाही फाटली. म्हणून या खेपेला मी शरण आले. ताईने भावोजींना सांगितलं, तिला पश्चात्ताप झालाय. भावोजी फुलून गेले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर तारा आणि मोटारी हाताळणारा, आणि इथे येऊन लोळण घेणारा! माझा लॅपटॉप त्यांनी स्वतः छातीशी धरून व्यासपीठावर नेला.

"महाराज, ही माझी मेहुणी. गेल्या वेळी वेडंवाकडं बोलली. आता उशिरा का होईना, अक्कल आलीय."

"येऊ दे, बाळ, येऊ दे," बुवा म्हणाले. "भरकटलेली फाइलसुद्धा शेवटी आपल्या फोल्डरमध्येच येते."

हशा. मीही हसले. दात दिसतील इतकी हसले.

चेल्याने अमरपट माझ्या लॅपटॉपमध्ये उतरवला, सुरू केला. माना झुकल्या. मी सफाईचा प्रोग्रॅम चालवला. कचरा भराभर गेला, आणि शेवटी ती ओळ आली. अमरपट: ही फाइल काढता आली नाही. टाळ्यांनी छत हादरलं.

"सांग, बाळ," बुवांनी माइक माझ्यापुढे धरला, "काय पाहिलंस?"

"महाराज, खाली अजून एक ओळ आहे. ती पण वाचू का?"

"वाच की."

"मांजर: ही फाइल काढता आली नाही."

टाळ्या अर्ध्यावर थबकल्या. मी बुवांचा चेहरा बंद केला नाही हं, नियम म्हणजे नियम! फक्त बोटाने जरा बाजूला सरकवला. मागून माझ्या दुकानातली मांजर दिसू लागली. प्रिंटरच्या रिकाम्या खोक्यात बसून ती जांभया देत होती. हा व्हिडिओ त्याच फोल्डरमध्ये टाकून मी व्यासपीठावर यायच्या आधीच सुरू करून ठेवला होता.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, मांजर पण अमर झाली!"

पोटं धरून हसले लोक. पण बुवा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. खुर्ची एक गिरकी फिरली आणि हात वर गेला. "हसू नका! मुक्या जीवावरही माझी कृपा. पटाच्या सान्निध्यात आली, मांजरही तरली!"

याची मी वाटच बघत होते.

"धन्य आहे, महाराज," मी म्हणाले. "मग तिला अशीच तुमच्या सान्निध्यात ठेवते. तुमच्याच फोल्डरमध्ये, नाकाला नाक लावून. फक्त तिचा व्हिडिओ तेवढा बंद करते."

मांजर बंद केली. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडद्यावर एकच ओळ राहिली, बुवांची. मांजर गेली होती.

"अहो महाराज, सान्निध्यात होती की हो!"

आता कुणी हसलं नाही. मी माइक हातात घेतला. "नीट ऐका. फाइल चालू असली की कॉम्प्युटर ती काढू देत नाही. तुम्ही खुर्चीवर बसलेले असताना कुणी तुमच्याखालची खुर्ची उचलू शकतं का? उठलात की एका हाताने उचलता येते. एवढंच आहे हे. अमरपट अमर नाही, तो बसलेला आहे. आणि त्याला बसवून कोण ठेवतं? तुम्ही. कारण चेहरा बंद करायला तुम्ही घाबरता. यांच्या अंगात शक्ती नाही, तुमच्या पोटात भीती आहे, आणि हे त्या भीतीवर जेवतात."

"बंद कर ते!" बुवा ओरडले, आणि मग एकदम आवाज खाली आणला. फार हुशार माणूस. "ठीक आहे. कर चेहरा बंद. पण आत कोण कोण आहे ते आठव. एकेका जिवाची जबाबदारी आता तुझ्यावर. मी हात झटकले."

सभागृहात कालवा उठला. "नको! माझा नातू आहे त्यात!" "बाई, हात जोडते, हात नका लावू!" भावोजींनी माझं मनगट आवळलं. "चिमणी आहे आत! पोरीला मारायला आलीस काय गं?"

तेव्हा मधल्या रांगेतून ताईच्या शेजारणी, सुतारकाकू, उठल्या. ठेंगणी बाई, आवाज बारीक. "आमचे हे पण होते की त्यात."

"माउली, त्यांची श्रद्धा कमी पडली," बुवा घाईघाईने म्हणाले.

"पडली असेल. पण त्यांना जाऊन चार दिवस नव्हते झाले, आणि त्या रविवारी पटात त्यांचा फोटो नव्हता. मी डोळे फाडून शोधला. फाइल काढता येत नाही म्हणता ना? मग आमच्या ह्यांना काढलं कोणी?"

हे मलाही सुचलं नव्हतं. मी चेल्याकडे वळले. त्याच्या टायच्या गाठीशी घाम साचला होता. "दर रविवारी पटात नवे चेहरे येतात. म्हणजे नवा व्हिडिओ. पेनड्राइव्हवर तर एकच आहे, सगळ्यांनी पाहिला. जुना कुठे जातो?"

"जुना... काढतो."

"न निघणारा काढता? कसा?"

त्याने बुवांकडे पाहिलं. बुवा आढ्याकडे बघत होते.

"आधी बंद करतो," चेला पुटपुटला. माइक त्याच्या तोंडाशीच होता. "मग काढतो."

खाली दुकानात कुणीतरी पलंग ओढत होतं, तेवढाच आवाज. पण तरी कुणी पुढे येईना. खोटं कळतं, पण आपलं माणूस पणाला लावून ते तपासायचं म्हणजे छाती लागते. खरं सांगते, माझंही बोट माउसवर अडलं. पोरगी माझी नव्हती.

ताई उठली. बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढणारी माझी बहीण, नवऱ्यापुढे आजवर आवाज न चढवलेली. तिने चिमणीला कडेवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढली.

"अगं, वेड लागलं का तुला?" भावोजी वाटेत आडवे आले.

"तुम्ही गोळ्या बंद केल्यात," ताई म्हणाली. "मी हे बंद करते. सरका."

भावोजी सरकले.

पडद्यावर नेमकी चिमणीची पाळी होती. दात तुटायच्या आधीचा फोटो, पूर्ण हसणारा. ताईने एकदा तो पाहिला आणि चेहरा बंद केला. पडदा पांढरा झाला. कुणीतरी किंचाळलं. मग ताईने त्या फाइलवर बोट ठेवलं आणि ती काढली. गेली. माझ्या दुकानातल्या कुठल्याही फाइलसारखी, निमूट.

सगळे चिमणीकडे बघत होते. शेकडो डोळे तिच्यावर. चिमणीने आईच्या खांद्यावर डोकं घासलं.

"आई, मला भूक लागलीय," ती म्हणाली. "आणि हे सगळे असे का बघतायत?"

सुतारकाकू खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. त्यांच्या रडण्याचं मात्र माझ्याकडे औषध नव्हतं. त्यांच्या नवऱ्याची औषधं घरात फडताळात तशीच पडून होती, हे त्यांनी नंतर सांगितलं.

बुवा मागच्या जिन्याने निघाले होते. पण तो जिना फर्निचरच्या दुकानातून जातो, आणि दुकानदाराची आईही पटात होती. पुढचं दुकानदाराने पाहून घेतलं. मी फक्त पोलिसांना बोलावलं आणि तक्रार लिहून होईपर्यंत चौकीतल्या बाकावरून हलले नाही. सुतारकाकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. कुणी म्हणालं, आता पुरे, माफ करा. मी नाही करणार. ज्याने लेकराच्या तोंडची गोळी काढून घेतली, त्याला माफ करायला माझ्याकडे फालतू वेळ नाही.

तुम्हालाही सांगते. पुढचा बुवा कॉम्प्युटर घेऊन येणार नाही, दुसरं काहीतरी आणेल. तो काय दाखवतो हे बघू नका. तो काय करू देत नाही, ते बघा. कशाला हात लावू नको म्हणतो, काय उघडू नको म्हणतो, काय बंद करू नको म्हणतो, तिथेच बोट घाला. आणि डॉक्टरांच्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका, मग सांगणारा बुवा असो, नवरा असो, की मी.

मांजरीच्या व्हिडिओची एक प्रत माझ्याकडे होतीच. आता तो दुकानाच्या काचेत मोठ्या पडद्यावर दिवसभर चालतो. खाली पाटी लावली आहे: 'अमर मांजर. दुकान उघडं असेपर्यंत.' भावोजी मान खाली घालून त्याच्यासमोरून जातात. जाऊ देत. मी पाटी काढणार नाही.

चिमणी शाळेतून थेट दुकानात येते. संध्याकाळची गोळी माझ्यासमोर पाण्याच्या घोटाबरोबर घेते, जीभ बाहेर काढून दाखवते आणि दुकान बंद करायच्या वेळी मांजरीच्या पडद्यापुढच्या स्टुलावर चढते.

"मावशी, करू बंद?"

"कर," मी म्हणते. आणि ती करते.